स्वजन, परजन आणि बहुलक्ष्यी प्रतिपिंडे

बहुलक्ष्यी प्रतिपिंड म्हणजे दोन किंवा अधिक वेगवेगळ्या रेणूंना एकाच वेळी धरू शकणारे, माणसाने रचलेले प्रथिन. निसर्गातले प्रतिपिंड, म्हणजेच अँटीबॉडी, इंग्रजी वाय अक्षरासारखे असते. त्याच्या दोन्ही भुजा सारख्या असतात आणि दोन्ही एकाच खुणेला चिकटतात. कर्करोगासाठी रचलेल्या बहुलक्ष्यी प्रतिपिंडाच्या भुजा मुद्दाम वेगळ्या केलेल्या असतात. बहुतेक रचनांमध्ये एक भुजा कर्कपेशीला धरते आणि दुसरी टी पेशीला. टी पेशी ही रोगप्रतिकारयंत्रणेतली मारण्याची क्षमता असलेली पेशी. दोघी एकमेकींना भिडल्या की टी पेशी कर्कपेशीच्या आवरणाला भोके पाडते आणि आत घातक विकरे सोडते. हीच टी पेशी एरवी त्याच कर्कपेशीच्या शेजारून काही न करता निघून जात असते, कारण कर्कपेशी शरीराचीच असते.

औषधनिर्मितीच्या दृष्टीने हा प्रथिनरचनेचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न दडला आहे. आपले कोण आणि परके कोण हे कशावरून ठरते, आणि आपल्यांपैकीच एकाला मारायचे ठरले तर तो निर्णय कोणाचा? या प्रश्नाच्या दोन बाजूंचा विचार विसाव्या शतकात खानदेशात दोन ठिकाणी झाला. एक ठिकाण धुळ्याचा तुरुंग, दुसरे अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर. दोन्हीकडे कर्करोगाचा विषय नव्हता. तरीही तिथली विचारसामग्री या औषधांना जितकी नेमकी लागू पडते तितकी औषधशास्त्राच्या पुस्तकांतली युद्धाची भाषा पडत नाही.

शरीर आपले आणि परके असा भेद करते, हा विचार ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ च्या सुमारास मांडला. शरीर आपल्याच घटकांवर हल्ला करत नाही ही गोष्ट जन्मजात नसून घडत जाणारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या सहिष्णुतेच्या शोधासाठी त्यांना आणि पीटर मेडावर यांना १९६० चे नोबेल मिळाले. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी पेशींची पारख होते आणि शरीराच्या स्वतःच्या खुणांना घट्ट चिकटणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात. जी पेशी तिथून निसटते तिला आवरायला नियामक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या आणि २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. थोडक्यात, टी पेशीला दोनदा शिकवले जाते की घरच्यांवर हात उचलायचा नाही.

कर्कपेशी नेमक्या याच शिकवणीच्या आडोशाला राहते. ती बाहेरून आलेली नसते. तिच्या जनुकांत बिघाड झालेला असतो, पण तिच्या पृष्ठभागावरच्या बहुतेक खुणा ज्या निरोगी पेशीपासून ती निघाली तिच्याच असतात.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, असा क्रम होता. सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज हाती आहे. पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाच्या विषादाचे निदान करतात. अर्जुन अहिंसावादी झाला होता हे मत त्यांना मान्य नाही. त्याने आधी कितीतरी लढाया केल्या होत्या. या वेळी समोर स्वजन होते, म्हणून त्याला युद्ध वाईट दिसू लागले. हे स्पष्ट करायला त्यांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावणारा हा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आल्यावर फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे हे सांगू लागतो. त्याचा युक्तिवाद कदाचित बरोबरही असेल, पण तो ममतेतून निघालेला असतो.

टी पेशीची स्थिती या न्यायाधीशासारखी आहे. विषाणूने ग्रासलेली पेशी ती मारते आणि कर्कपेशी सोडून देते. इथवर दाखला चपखल बसतो. त्यापुढे मात्र तो तुटतो, आणि तो कुठे तुटतो हे पाहण्यासारखे आहे. न्यायाधीशाच्या बाबतीत इलाज सरळ आहे: त्याने आपपरभाव सोडावा. टी पेशीने आपपरभाव सोडला तर शरीर उरणार नाही. नियामक टी पेशींचे जनुक बिघडलेली बालके आपल्याच आतड्यावर, त्वचेवर, स्वादुपिंडावर होणाऱ्या हल्ल्याने गंभीर आजारी पडतात. म्हणजे विनोबांनी ज्याला मोह म्हटले ते पेशींच्या पातळीवर जगण्याची अट आहे. इथे ममता दोष नाही आणि निःपक्षपातीपणा गुण नाही. त्यामुळे औषध रचणाऱ्यापुढचा प्रश्न ममता कशी घालवायची हा नसतो. ममतेला एकच नेमका अपवाद कसा लिहायचा, हा असतो. तो अपवाद लिहायचा तर ‘ही पेशी कर्कपेशी आहे’ हे ओळखण्याची निर्दोष खूण लागते. त्या क्षणी हा प्रश्न नीतिशास्त्रातून निघून तर्कशास्त्रात येतो.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी उभारले. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात अभ्यास करायला. शाळेतली शिक्षकी नंतरची. घनश्यामदास रत्नमल मलकानी यांनी अनेक वर्षे संस्थेची धुरा सांभाळली, कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते, आणि इथून निघणाऱ्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ या त्रैमासिकाने एका तालुक्याच्या गावाला देशभरच्या तत्त्वज्ञांच्या पत्त्यांत आणून ठेवले. संस्थेचा मुख्य विषय वेदान्त होता. पण वेदान्ताला बसणाऱ्यालाही परंपरेने आधी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचावा लागतो, आणि त्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सुरुवातीलाच शिकवले जातात.

एखाद्या वस्तूला इतर सगळ्यांपासून वेगळे करणारा धर्म म्हणजे तिचे लक्षण. नेहमीचे उदाहरण गायीचे. शिंगे असणे हे गायीचे लक्षण सांगितले तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. तांबडा रंग सांगितला तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. खूर न चिरलेला असणे सांगितले तर ते एकाही गायीला लागू पडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, हे निर्दोष लक्षण. ती सर्व गायींना असते आणि गायीशिवाय कोणाला नसते, असे नैयायिक मानतात.

कर्करोगावरच्या प्रतिपिंडाच्या आखणीत या तीन दोषांशीच झगडावे लागते, आणि पहिले दोन प्रत्येक औषधाच्या इतिहासात सापडतात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ब्लिनाटुमोमॅब हे औषध एका बाजूने सीडी१९ या खुणेला आणि दुसऱ्या बाजूने टी पेशीवरच्या सीडी३ ला धरते. सीडी१९ ही खूण बी पेशींच्या रक्तकर्करोगात असते, पण निरोगी बी पेशींवरही असते. लक्षण म्हणून ती उघडउघड अतिव्याप्त आहे. औषध घेतल्यावर निरोगी बी पेशीही मरतात. तरी औषध चालते, कारण माणूस काही काळ बी पेशींशिवाय जगू शकतो आणि कमी पडणारी प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. म्हणजे सास्नेसारखी खूण सापडली म्हणून हे औषध यशस्वी झाले नाही. जे निरपराध त्यात मरतात त्यांच्यावाचून भागते, म्हणून ते यशस्वी झाले.

ही गोष्ट तर्कशास्त्राच्या चौकटीत बसत नाही. नैयायिकाला अतिव्याप्ती हा दोषच. म्हैस उपयोगाची आहे की नाही यावर तो कमीजास्त होत नाही. वैद्यकाने तिथे दुसराच निकष आणला आहे: लक्षण कोणाकोणाला लागू पडते एवढेच पाहायचे नाही, चुकून ज्यांना लागू पडते त्यांचे मोल काय तेही पाहायचे. शरीरातला कोणता भाग गमावला तर चालेल, हे आधीच ठरवलेले असते. तो हिशेब औषधाच्या नावात नसतो आणि जाहिरातीतही नसतो, पण रेणू जुळवायच्या आधी झालेला असतो.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाच हिशेब वेगवेगळ्या खुणांबाबत मांडला गेला. बीसीएमए ही खूण प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर असते. तिला आणि सीडी३ ला धरणाऱ्या टेक्लिस्टामॅबला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. किंमत म्हणून रुग्णाची जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते. जीपीआरसी५डी या दुसऱ्या खुणेवरच्या टाल्क्वेटामॅबला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही खूण केसांच्या मुळांशी आणि नखांसारख्या कठीण ऊतींतही असते. त्यामुळे रुग्णांची त्वचा सोलवटते, नखे ठिसूळ होतात, आणि अनेकांच्या तोंडाची चव जाते. भाकरी-वरणाची चव गेलेल्या रुग्णासाठी अतिव्याप्ती हा पोथीतला शब्द राहत नाही.

रक्ताच्या कर्करोगांत जे सोसता येते ते घन गाठींच्या कर्करोगांत बहुधा सोसता येत नाही. भारतात पुरुषांमध्ये आघाडीवर असलेला तोंडाचा कर्करोग याचे ठळक उदाहरण आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीच्या सवयींमुळे तो खानदेशातल्या घरांना चांगला परिचयाचा आहे. या गाठींवर ईजीएफआर ही खूण भरपूर असते, पण ती त्वचेवर आणि आतड्याच्या अस्तरावरही असते. त्वचा आणि आतडे यांच्यावाचून भागत नाही. अशा ठिकाणी एका खुणेवर टी पेशी सोडणे म्हणजे शिंगे पाहून गाय ओळखणे.

अव्याप्तीचा दोष उशिरा, पण हमखास दिसतो. गाठीतल्या सगळ्याच पेशींवर निवडलेली खूण सारखी नसते. ज्यांच्यावर ती भरपूर असते त्या मरतात. ज्यांच्यावर कमी असते किंवा नसतेच, त्या वाढत राहतात. सीडी१९ वरच्या उपचारानंतर परतलेल्या काही रक्तकर्करोगांत सीडी१९ नाहीसे झालेले असते, आणि बीसीएमए वरच्या उपचारानंतर बीसीएमए गमावलेला मायलोमाही आढळला आहे. इथे न्यायशास्त्राचे एक गृहीतक डळमळते. लक्षण सांगितल्याने गाय बदलत नाही, पण कर्करोग बदलतो. व्याख्या वापरण्याच्या कृतीतूनच व्याख्येबाहेरच्यांची निवड होते, आणि काल निर्दोष असलेले लक्षण आज अव्याप्त ठरते.

बहुलक्ष्यी रचनेचे खरे महत्त्व इथे कळते. एका खुणेने लक्षण पुरे होत नसेल तर खुणांची जोड करता येते. जोड दोन प्रकारे होते. ‘हीही खूण आणि तीही खूण’ असेल तरच पेशीला धरायचे, म्हणजे अतिव्याप्ती कमी होते. ‘ही खूण किंवा ती खूण’ असली तरी धरायचे, म्हणजे अव्याप्ती कमी होते. पहिल्या प्रकारात दोन्ही भुजा मुद्दाम सैल पकडीच्या करतात. एकच खूण असलेल्या निरोगी पेशीवरून रेणू निसटतो. दोन्ही खुणा असलेल्या पेशीला दोन सैल पकडी मिळून घट्ट धरतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भुजेची पकड एकटीच पुरेशी ठेवतात. एका गोष्टीतून मात्र सुटका नाही. ‘आणि’ने लक्षण अरुंद होते आणि कर्कपेशींना निसटायला वाट मिळते; ‘किंवा’ने ते रुंद होते आणि निरोगी पेशी त्यात सापडतात. एक दोष कमी करताना दुसरा वाढतो. ही अडचण प्रयोगशाळेच्या तोकडेपणाची नाही, तर्काचीच आहे. प्रथिनाच्या पकडीचा जोर कमीजास्त करता येतो एवढीच सवलत रचनाकाराला मिळते. न्यायशास्त्रात लक्षण लागू असते किंवा नसते. रेणूच्या जगात ते थोडेसे लागू असू शकते, आणि सगळे कौशल्य त्या ‘थोडेसे’त आहे.

या मार्गावरचे एक महत्त्वाचे काम महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १९७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्लेनमार्क या औषध कंपनीने नव्या जैविक औषधांचे संशोधन इक्नोस नावाच्या कंपनीकडे सोपवले, आणि तिच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत आयएसबी २००१ हे त्रिलक्ष्यी प्रतिपिंड तयार झाले. ते मायलोमा पेशीवरच्या बीसीएमए आणि सीडी३८ या दोन खुणांना धरते, आणि तिसऱ्या भुजेने टी पेशीवरच्या सीडी३ ला. एखाद्या पेशीवर बीसीएमए कमी झाले तरी सीडी३८ मुळे ती हाती राहावी, हा त्यामागचा विचार. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅबव्ही या अमेरिकी कंपनीने उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीनसाठी त्याचे हक्क ७० कोटी डॉलर आगाऊ देऊन घेतले. भारतासह उदयोन्मुख बाजारपेठा ग्लेनमार्ककडे राहिल्या.

असा रेणू प्रत्यक्षात घडवणे किती कठीण आहे, हे भुजांच्या गणितावरून कळते. प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. दोन वेगवेगळ्या प्रतिपिंडांच्या साखळ्या एकाच पेशीत बनवल्या तर त्या कशाही जुळतात आणि दहा वेगळे रेणू तयार होतात. जुळणी निव्वळ योगायोगावर सोडली तर हवा तो रेणू आठात एक इतकाच मिळतो. १९९६ मध्ये जेनेन्टेकच्या शास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला. एका जड साखळीत ३६६ व्या जागेवरचे लहान अमिनो आम्ल काढून तिथे मोठे बसवले आणि दुसऱ्या साखळीत ४०७ व्या जागेवरचे मोठे काढून लहान बसवले. एकीकडे उंचवटा झाला, दुसरीकडे खाच झाली. सारख्या साखळ्यांची जोडी जुळणे अवघड झाले आणि वेगळ्यांची सोपे. हलक्या साखळ्यांसाठी पुढे वेगळ्या युक्त्या निघाल्या. इक्नोसच्या पद्धतीत साखळ्यांच्या जोडणीचा नमुना टी पेशीच्या ग्राहीवरून घेतलेला आहे. ब्लिनाटुमोमॅबने हा पेच टाळला होता. त्यात पूर्ण प्रतिपिंड नाही. दोन भुजांची टोके एका धाग्याने जोडलेली आहेत. मात्र लहान रेणू शरीरातून काही तासांत निघून जातो, म्हणून ते औषध सलग २८ दिवस पंपाने शिरेतून द्यावे लागते.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. कर्कपेशीला मारते कोण? प्रतिपिंड मारत नाही. त्यात मारण्याचे साधनच नाही. अनेक रचनांत प्रतिपिंडाचा बुंधा, जो एरवी इतर मारक पेशींना बोलावतो, तोही मुद्दाम मुका केलेला असतो. टी पेशी मारते, पण ती स्वतःहून मारत नव्हती. वैशेषिकांनी संयोग हा एक गुण मानला आहे. तो एकाच वस्तूत राहत नाही, दोन वस्तूंत मिळून राहतो. या औषधाचा गुण अशा संयोगात असतो. त्याचा पुरावा प्रयोगशाळेतल्या एका विचित्र वाटणाऱ्या निरीक्षणात मिळतो: प्रतिपिंडाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढवले की परिणाम वाढण्याऐवजी घटतो. रेणू इतके जास्त होतात की प्रत्येक टी पेशीवर वेगळा आणि प्रत्येक कर्कपेशीवर वेगळा रेणू बसतो, आणि दोघींना जोडणारा पूल उरत नाही. सामर्थ्य रेणूत असते तर जास्त रेणू म्हणजे जास्त सामर्थ्य झाले असते.

गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतो आणि कर्ता त्यांतला फक्त एक धरतो. या औषधाच्या बाबतीत ही मांडणी शब्दशः लागू पडते, पण तिचा गैरवापरही सोपा आहे. कर्तृत्व वाटले गेले म्हणून जबाबदारी विरघळत नाही. २००६ मध्ये लंडनमधल्या एका चाचणीत टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. ते बहुलक्ष्यी नव्हते, पण टी पेशींना थेट चेतवणारे होते. सहाही जणांना काही तासांत अतिदक्षता विभागात न्यावे लागले; चेतलेल्या टी पेशींनी रक्तात दाहकारक रसायनांचा पूर सोडला होता. अपाय त्या रसायनांनी केला, पण दोष त्यांना कोणी दिला नाही. प्रश्न विचारले गेले ते मात्रा ठरवणाऱ्यांना. आजच्या बहुलक्ष्यी औषधांतही असा दाह होतो. म्हणून पहिल्या मात्रा अगदी लहान ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि हा दाह शमवणारे टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी ठेवतात.

अमळनेरच्या वेदान्ताकडे वळताना एक सावधगिरी हवी. शरीर ज्याला आपले म्हणते त्याची सीमा घडवलेली आहे, ती सरकते, आणि ती माणसाला हवी तशी पुन्हा आखता येते, हे ऐकून ‘विज्ञानाने अद्वैत सिद्ध केले’ असे म्हणण्याचा मोह मराठी व्याख्यानांत वारंवार दिसतो. ते खरे नाही. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या अमळनेरशी संबंधित तिघांनी १९३३ मध्ये अज्ञानाच्या स्वरूपावर एकत्र पुस्तक काढले. त्या चर्चेतला आत्मा जाणणारा आहे, जाणला जाणारा नाही. टी पेशी, थायमस, सीडी३ हे सगळे जाणले जाणारे, म्हणजे अनात्म. बर्नेट यांनी वापरलेला ‘स्व’ हे तत्त्वज्ञानातून उसने घेतलेले रूपक होते. अमेरिकी तत्त्वज्ञ आल्फ्रेड टॉबर यांनी १९९४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रोगप्रतिकारशास्त्रातली सीमा सरकली म्हणून आत्म्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्या परंपरेतून इथे उपयोगी पडते ती वेगळी गोष्ट: व्यवहारातला भेद व्यवहारापुरता खरा असतो, आणि तो खरा मानून वागतानाही त्याला अंतिम समजण्याची गरज नसते. कर्कपेशीला ‘शत्रू’ ठरवल्याशिवाय तिला मारता येते. औषधालाही तसे ठरवावे लागत नाही; त्याला फक्त खूण कळते.

हिंसेचा प्रश्न दुसऱ्या एका बाजूनेही येतो. जळगाव-धुळ्याच्या व्यापारी पेठांत जैन समाज जुना आहे, आणि औषध कशापासून बनते हा प्रश्न तिथे सहज विचारला जातो. एकाच साच्याची प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत १९७५ मध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेसार मिल्स्टीन यांनी शोधली. त्यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी उंदराच्याच मायलोमा पेशीशी जोडली, म्हणजे मायलोमावर आज वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या वंशावळीत मायलोमाच आहे. आजची बहुतेक प्रतिपिंडे चिनी हॅमस्टरच्या बीजकोशातून १९५७ मध्ये घेतलेल्या पेशींच्या अखंड वंशात बनतात. जैन आचारशास्त्र श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. त्यांतली फक्त पहिली गृहस्थाला पूर्णपणे वर्ज्य आहे. या वर्गीकरणात पेशींची वाढ हा फारसा कठीण प्रश्न नाही. प्रतिपिंड शोधण्यासाठी वापरलेले उंदीर हा आहे. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये दाखवलेली आणि ग्रेग विंटर यांनी प्रतिपिंडांसाठी विकसित केलेली पद्धत जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर प्रतिपिंडांचे तुकडे लावून त्यांतून निवड करते. तिने उंदरांची गरज कमी केली, पण संपवलेली नाही. सुरक्षिततेच्या चाचण्या अजून प्राण्यांवर होतात.

या सगळ्यात सर्वात कमी चर्चा होते ती संमतीची. औषध कोणत्या निरोगी पेशींना सोबत मारणार हे रचनाकाराला पहिल्या दिवसापासून माहीत असते. रुग्णाला ते कळते तेव्हा बहुधा चव गेलेली असते. भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. पण साइड इफेक्टची लांबलचक यादी वाचून दाखवणे आणि ‘कर्कपेशीची ही खूण तुमच्या या निरोगी अवयवावरही आहे, तो भाग जाईल असे धरून आम्ही चाललो आहोत’ असे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत जे अपघातासारखे दिसते ते दुसरीत निर्णय म्हणून समोर येते, आणि तो निर्णय रुग्णाच्या शरीराविषयीचा आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याहून रेल्वेने मुंबईच्या कर्करोग रुग्णालयांत जाणाऱ्या रुग्णापुढे पुढच्या काही वर्षांत अशा औषधांची संमतिपत्रे येतील. त्यात दुसरे वाक्य मराठीत, सहीच्या जागेच्या वर, छापले जावे.